औक्षण करून जंगलात सोडलेली कुत्री

अन्याय झाला तो एका कुत्रीवर. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी राहणाऱ्या, तपकिरी रंगाच्या, डाव्या कानाला खाच असलेल्या कुत्रीवर. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, पोह्यांच्या वेळेला, पार्किंगमध्ये, शिकल्यासवरलेल्या माणसांच्या घोळक्यादेखत तिला गाडीत घातलं आणि जंगलात नेऊन टाकलं. सोसायटीच्या वॉट्सअॅप ग्रुपवर याच गोष्टीचं वर्णन ‘तिला तिच्या हक्काच्या निसर्गात सोडण्यात आले’ असं होतं. खाली हात जोडलेले, फुलं, हिरवी पानं. मी पत्रकं लिहिते. गुळगुळीत वाक्याखाली काय दडवलेलं असतं ते मला वासानं कळतं.

मी त्या वेळी धायरीत होते. भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाची पत्रकं वाटत होते. हसू नका.

तिच्या कानाची ती खाच आमच्याच मोहिमेत पडली होती. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला तशी खाच पाडतात, म्हणजे त्याला कुणी पुन्हा पकडून टेबलावर घेऊ नये. नसबंदी झाली, लस टोचली, की कुत्रं जिथून उचललं तिथंच परत आणून सोडायचं. हे मी सोसायटीच्या प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं होतं. प्रत्येक दारानं ‘छान काम करतेस हं’ म्हणून मला पाणी विचारलं होतं आणि लागलं होतं.

तिच्याविरुद्ध तक्रार अशी की ती स्कूटरच्या मागं धावते. धावायची, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या मजल्यावरची एक छोटी मुलगी तिला घाबरून खाली खेळायला यायची बंद झाली होती. तिच्या आईशी मी कधी वाद घातला नाही, घाबरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. पण ती कुणालाही चावलेली नव्हती. एकदाही नाही.

नेऊन सोडायचा बेत काकांचा. काका म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त शिक्षक. मी लहान असताना मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये ते आम्हा मुलांचा वाचनवर्ग घ्यायचे. खाली सतरंजी, हातात कोकम सरबत, आणि रोज एक प्रकरण. तिथंच त्यांनी आम्हाला ती कादंबरी वाचून दाखवली, बर्फाच्या मुलखात एकटा पडलेला कुत्रा कसा तगून राहतो त्याची. नाव लिहीत नाही. जुनी आहे, गाजलेली आहे, मराठीत येऊनही खूप वर्षं झाली, कदाचित तुमच्याही कपाटात असेल. बाहेर ऊन रटरटत असायचं आणि आत काका आवाज खाली आणून थंडीबद्दल वाचायचे, तेव्हा आम्ही खरोखर अंग चोरून एकमेकांना चिकटायचो.

इतर मुलांना तो कुत्रा कधी एकदा झुंजतोय असं व्हायचं. मला ते सगळं नको व्हायचं. मी दर प्रकरणाच्या शेवटी विचारायचे, “काका, त्याला न्यायला कोण येणार?”

“कुणी नाही. तो आता मोकळा झालाय,” काका म्हणायचे, आणि त्यांचे डोळे भरून यायचे. मोकळा झाल्याचा आनंद. मला मात्र रात्री दिवा लावून झोपावं लागायचं.

तर मला न कळवता घेतलेल्या सोसायटीच्या सभेत कुत्रीचा विषय निघाला तेव्हा काही जण म्हणाले, महापालिकेची गाडी बोलवा. एकानं तर जेवणातून काहीतरी घालायची भाषा केली म्हणे. मग काका उभे राहिले. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मी त्यांच्यावर चिडलेली असतानाही लिहिते आहे. ते म्हणाले, हा मूळचा रानातला जीव आहे. आपण शिळ्या पोळ्या घालून त्याला भिकारी केलाय. त्याला त्याच्या घरी पोचवू या. त्यांनी त्या कादंबरीची गोष्ट सांगितली. निम्म्या सभासदांनी ती वाचलेली होती, उरलेल्यांच्या मुलांनी काकांच्या सतरंजीवर बसून ऐकलेली होती. टाळ्या झाल्या. एका कादंबरीच्या जोरावर ठराव मंजूर करणारी सोसायटी दुसऱ्या कुठल्या गावात असेल असं मला वाटत नाही.

आणि आमच्या लोकांना दुष्टपणा करायचा झाला तरी तो कार्यक्रम करूनच करायचा असतो. काकूंनी दहीभात कालवला. कुणीतरी निरांजन आणलं. कुत्रीला ओवाळलं, तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. फोटो ग्रुपवर आहेत. मुलाला अमेरिकेला पोचवायला जमावं तशी माणसं उभी आहेत आणि मधोमध ती, तोंडाला भात लागलेला, शेपटी हलून फोटोत धुरकट झालेली. निघणाऱ्याच्या हातावर आपण दही ठेवतो ते माणूस सुखरूप परत यावं म्हणून. हिला दही घातलं ते परत येऊ नये म्हणून.

संध्याकाळी मी घरी आले तर फाटकाशी तिचं झोपायचं पोतं होतं आणि पोत्यावर कुणी नव्हतं. वॉचमन माझ्याकडं बघेना. मी तशीच काकांच्या दारात.

“काका, कुत्री कुठंय?”

“ये, बस. पोहे उरलेत.”

“कुठं सोडलीत?”

“निसर्गात.”

“निसर्गात म्हणजे कुठल्या स्टॉपला?”

“चिडू नकोस. धरणाच्या मागं, खूप आत. पाणी आहे, झाडी आहे, ससे असतील. अगं, कुत्रा म्हणजे मूळचा लांडगाच की.”

“ही मूळची वडापावच्या गाडीची आहे. ससा तिनं कॅलेंडरावरसुद्धा बघितलेला नाही.”

काकू आतून म्हणाल्या, “मी म्हणतच होते. अहो, थंडी किती पडलीये, म्हणत होते.”

“दहीभात तूच कालवलास ना?” काका म्हणाले.

“तुम्ही सांगितलंत म्हणून.”

“उद्या मला तिथं घेऊन चला,” मी म्हणाले. “नाहीतर मी पोलिसांत जाते. पुरावा शोधायला नको, औक्षणाचे फोटो तुम्हीच टाकलेत.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “मला धमकी देतेस? मला?”

“हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नाशिकला लेकीकडं निघून गेले. फोन उचलेनात. काकूंना जागा माहीत नव्हती, त्या गाडीत गेल्याच नव्हत्या. ‘धरणाच्या मागं’ एवढ्यावर मी कुठं जाणार? तिथं डोंगरामागं डोंगर आहेत.

तो आठवडा मला अजून अंगावर येतो. पुण्यात थंडी उतरली होती. मी पांघरुणात शिरले की मला तिचं पोट दिसायचं, बारीक केसांचं, गुलाबी, टाक्याची रेघ असलेलं. त्यात कुणीतरी बिबट्याचा व्हिडिओ पाठवला, शहराच्या कडेला कुठंतरी भिंतीवरून उडी मारतानाचा. तो बहुतेक जुना असणार. मी तो परत परत बघितला. चार लोकांसमोर माइक घेऊन ओरडणारी मी, दारावरची बेल वाजली तरी दचकायला लागले. मला वाटायचं काका आलेत, आणि ती मेल्याचं सांगायला आलेत.

काकूंकडून मी ती कादंबरी मागून आणली. पुन्हा वाचली आणि लहानपणी आपण का घाबरत होतो ते कळलं. पुस्तकात एकच कुत्रा असतो आणि लेखक त्याच्या मागोमाग चालत असतो. त्याला उपाशी ठेवतो, बर्फात बुडवतो, पण शेवटच्या पानापर्यंत त्याला मरू देता येत नाही, कारण मग पुस्तक संपेल. आमची कुत्री मेली तर कुठलंच पान अडणार नव्हतं. स्कूटरवाले निवांत घरी येणार होते. मी पुस्तक फ्रिजवर उपडं ठेवलं. आईनं विचारलं, जेवत का नाहीस. मी सांगितलं, पित्त झालंय.

शनिवारी काका परत आले. बॅग खाली ठेवायच्या आधी माझ्या दारात आले आणि म्हणाले, “चल.” दाढी वाढलेली होती. एवढंच.

वारजे गेलं, उत्तमनगर गेलं, धरणाची भिंत मागं पडली. मग पाण्याच्या कडेनं वळणं, फार्महाऊसच्या पाट्या, ‘निसर्गाच्या कुशीत’ वगैरे. मग पाट्याही संपल्या. काका प्रत्येक फाट्याला गाडी हळू करायचे.

“इथून का?”

“इथून नसावं.”

“नसावं म्हणजे? तुम्हीच आला होतात ना?”

“येताना ती खिडकीतून बाहेर बघत होती,” काका म्हणाले. “मी तिच्याकडं बघत होतो.”

मी माझ्या बाजूची काच खाली केली.

डांबर उखडलेल्या एका चढावर एक बाई शेळ्या घेऊन उभी होती. काकांनी काच खाली केली. “ताई, इकडं एक तपकिरी कुत्री—”

तिनं आधी गाडीकडं बघितलं, मग काकांकडं. “सोडाया आलाय का न्यायाला?”

“न्यायला,” मी म्हणाले.

“न्यायाला?” ती हसली. “पुण्याची मान्सं न्यायाला कवापासनं याया लागली?”

“तुम्हाला दिसली का ती?”

“येकच हाय व्हय? मोप हायती. माजी करडं फाडली त्यांनी, ती कोन भरून देनार? तू? आन त्यांच्या वासानं बिबट्या खाली उतरतोय, ते येगळंच. म्हाताऱ्याला सांग काच वर घ्याया. गाडी थांबली का येत्यात.”

“कोण येतात?” काकांनी विचारलं.

ती शेळ्यांना शिव्या देत वर चढून गेली.

पुढच्या वळणावर काकांनी ब्रेक दाबला. “हेच. ही मोरी.” रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला बांधलेली छोटी मोरी होती, ओढा कोरडा. पलीकडच्या उतारावर वणवा जाऊन गेला होता. गवताची राख, करवीच्या झुडपांचे काळे दांडे, मधूनच एखादं न जळलेलं झाड. काकांनी इंजिन बंद केलं.

दुपारचं लख्ख ऊन होतं, हे मुद्दाम सांगते. भीती अंधारात वाटते असं आपण धरून चालतो. तिथं सगळं स्वच्छ दिसत होतं आणि कुठंच काही हलत नव्हतं. पाखरू नाही, वारा नाही. इंजिन थंड होताना टकटक करत होतं तेवढंच. मी दार उघडून उतरले. बुटाखाली राख दबली. हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की तिला नाव नाही. कुणी राणी म्हणायचं, कुणी हाड म्हणायचं. मी नुसतंच “ये, ये” म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तेव्हा ती आली. म्हणजे ती नव्हे, ती सगळी.

पहिल्यांदा उताराच्या कडेनं एक लॅब्रॅडॉर आला, गळ्यात लाल पट्टा, बरगड्या मोजाव्यात असा. मग झुडपांतून एक पांढरं, केसाळ, घरात गादीवर झोपणारं जातिवंत कुत्रं, त्याच्या केसांच्या गाठी होऊन पोटाखाली लोंबत होत्या. मग गावठी काळं, मग आणखी, मग मागं आणखी. एकाच्या कानाला खाच. एकही भुंकत नव्हतं. भुंकणाऱ्या कुत्र्यांची मला सवय आहे. गप्प कुत्र्यांचा एवढा मोठा घोळका मी आयुष्यात बघितला नव्हता. सगळी सरळ माझ्याकडं येत होती.

कुत्र्यांना घाबरू नका, असं मी ठळक अक्षरांत छापलेलं आहे. पाठ फिरवून पळू नका. डोळ्यांत डोळे घालू नका. हात खाली ठेवून स्तब्ध उभे राहा. मी पाठ फिरवून पळाले. गाडीत शिरले, दार आपटलं, काच वर केली, काकांच्या बाजूची काचही त्यांच्या अंगावरून हात घालून वर केली.

ती गाडीपाशी पोचली. लॅब्रॅडॉरनं चाक हुंगलं. दारं हुंगली. पुढचे पाय काचेवर टेकवून आत बघितलं, आधी माझ्याकडं, मग काकांकडं, मग मागच्या सीटवर. खाली उतरला. पांढरं कुत्रं गाडीभोवती पूर्ण फेरी मारून आलं. मग एकेक करून ती वळली आणि थोड्या अंतरावर जाऊन बसली.

“गाडी बघतायत,” काका म्हणाले. “आपली आहे का ते बघतायत.”

मी त्यांच्यात आपली शोधायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि मला काकांपुढं रडायचं नव्हतं.

“आपली यांच्यात नाही,” ते म्हणाले.

“बघितलं मी.”

“मेली असेल का गं?”

हे त्यांनी मला विचारलं. मला. वर्गात प्रश्न विचारायचा तो आम्ही, त्यांनी नाही.

मग त्यांनी हॉर्न वाजवला. एक लांब, एक तोकडा. सोसायटीत शिरताना वळणावर ते तसाच वाजवतात, फाटकात आडवी पडलेली कुत्री तो ऐकून बाजूला होते म्हणून. सगळ्या कुत्र्यांच्या माना वर झाल्या. पुन्हा वाजवला. आणि मोरीच्या तोंडातून एक तपकिरी डोकं बाहेर आलं.

जिवंत होती. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच, कारण तिच्या आणि आमच्या मध्ये ती सगळी बसलेली होती. ती पूर्ण बाहेर आली तेव्हा तिच्या मानेचं एका बाजूचं कातडं लोंबत होतं, मागचा एक पाय वर धरलेला. तिला कुणी फाडलं ते उघड होतं. नवं कुत्रं आलं की आधीची त्याला जागा देत नाहीत, शहरातही देत नाहीत. काळ्या कुत्र्यानं उठून दात दाखवले. ती जागच्या जागी मुतली आणि पोटावर बसली.

काकांनी दार उघडलं.

“काका, नको.”

ते उतरले. हातात काही नव्हतं, नाशिकहून आणलेली पाण्याची बाटली तेवढी. हळूहळू त्या कुत्र्यांच्या मधून चालत गेले. मला त्यांची पाठ दिसत होती, शर्ट पाठीला चिकटलेला. मोरीपाशी पोचून ते वाकले आणि काकू तिला जसं म्हणतात अगदी तसंच म्हणाले, “चल गं, उठ. झालं आता.”

ती उठली नाही. पोटानं सरपटत निघाली. काका तिच्या आणि काळ्याच्या मधून चालत होते, काळं गुरगुरत बरोबर येत होतं. मी मागचं दार आतून ढकलून उघडं धरलं. शेवटच्या थोड्या अंतरात तिनं तीन पायांवर उडी घेतली आणि आत आली, त्याच गाडीत, त्याच सीटवर, जिथून तिला फेकलं होतं. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. सीटखाली तोंड खुपसून पडून राहिली. तिच्या मानेला वास येत होता.

लॅब्रॅडॉरही तिच्या मागोमाग आला. त्यानं पुढचे दोन्ही पाय आत टेकवले आणि थांबला, विचारल्यासारखा. ती आतून त्याच्यावर दात काढून किंचाळली. काकांनी त्याला दोन्ही हातांनी बाहेर ढकललं आणि दार लावलं.

परतीच्या वाटेवर ती सगळी गाडीमागं धावत होती. मागून एकेक गळत गेलं. लाल पट्टेवाला सगळ्यांत शेवटी थांबला. मी मागं वळून बघत होते. काकांनी आरसा वर फिरवून ठेवला होता.

ती वाचली. टाके पडले, महिनाभर माझ्या बाल्कनीत होती, आता फाटकाशी आहे. स्कूटरमागं धावत नाही. गाडी सुरू झाली की मीटरच्या खोलीमागं जाऊन बसते. लोक म्हणतात, किती शहाणी झाली बघा.

आम्ही मोहिमेतली पोरं टेम्पो घेऊन तिथं परत गेलो. पांढरं सापडलं, काळं सापडलं, आणखी काही सापडली. लाल पट्टेवाला सापडला नाही. आधी नव्हती अशी नवी कुत्री मात्र होती, स्वच्छ अंगाची. एकाच्या गळ्यात घंटी होती.

गेल्या आठवड्यात वारज्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा काकांना फोन आला. मी समोरच होते. “तुम्ही सोडलंत ती जागा कुठली हो? आमच्याकडंही दोन आहेत.”

“या ना,” काका म्हणाले. “मी स्वतः दाखवायला येतो. तुम्हाला तिथं उतरवतो आणि एकटा परत येतो.” फोन ठेवला.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही कधी एखादं कुत्रं असं नेऊन सोडलं असेल, फाटकावरचं असो की घरातलं, तर जा. ते जगतंय, मोकळं झालंय, ही गोष्ट स्वतःला सांगत बसू नका. तीच गाडी घेऊन जा. विकली असेल तर ज्याला विकली त्याच्याकडून एक दिवस मागून घ्या. तुमचा चेहरा ओळखायला ती थांबत नाहीत, गाडी ओळखायला बाहेर येतात. आज निघा, आणि उजेड आहे तोवर पोचा.